दाजींच्या बोटीचं अलाइनमेंट: दोन वर्षांत दोन कपलर खाल्ले त्याचं खरं कारण

२ जून २०२४, रविवार

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवतोय, कारण या बोटीवर आधी ज्यांनी काम केलं त्यांनी काय केलं ते कुठेच लिहिलेलं नाही आणि त्याचाच सगळा घोळ झालाय.

बोट दाजींची. १९ फुटी फायबर, आत ४.३ लिटरचं व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन, मागे मर्क्रूझर अल्फा वन ड्राइव्ह (पंख्याचा बाहेरचा पाय). दाजींचं गाव सासवणे, मांडव्याच्या पलीकडे, सीझनला शनिवार-रविवार याच बोटीने जातात. एप्रिलमध्ये परत येताना भर समुद्रात थ्रॉटल दिला तर इंजिन नुसतं बोंबललं, बोट पुढे सरकेना, आणि इंजिनच्या पेटीतून जळक्या रबराचा वास. ताई आणि दोन्ही पोरं बोटीत होती. एका मासेमारीवाल्याने ओढत आणलं म्हणून निभावलं. ताईने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज अजून हलत होता, म्हणून मी दाजींना म्हटलं यावेळी कुणाला देऊ नका, पावसाळ्यात बोट तशीही बाहेरच असते, मी करतो.

माझं काम गाड्यांचं, शिवडीत गॅरेज आहे. बोटींचं इंजिन म्हणजे गाडीचंच इंजिन असतं असं लोक म्हणतात ते अर्धंच खरं आहे. बोट कॉटन ग्रीनला ओळखीच्यांच्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी केलीय.

इतिहास एवढाच कळला: २०२२ मध्ये कपलर (इंजिनला ड्राइव्हच्या शाफ्टशी जोडणारा तुकडा) बदलला, २०२३ मध्ये परत बदलला, दोन्ही वेळा एकाच वर्कशॉपमध्ये. बिलावर फक्त "कपलर नवीन, लेबर". आता तिसरा गेलाय.

९ जून, रविवार

पाऊस आज मुंबईत आला, वेधशाळेनेही जाहीर केलं. शेड वरून गळत नाही पण बाजूने उडतो, ताडपत्री बांधली.

ड्राइव्ह उतरवला. सहा नट. दोन गंजून बसलेले, गरम करून सोडवले. ड्राइव्ह एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नये, मी आणि गॅरेजचा पोरगा दोघे होतो.

काय दिसलं ते:

ड्राइव्हमधून इंजिनकडे जाणाऱ्या शाफ्टच्या टोकाच्या स्प्लाइन (दाते) एका बाजूने घासून निमुळत्या झाल्यात आणि त्यावर काळपट राखाडी भुकटी. कपलरचं भोक मऊ धातूचं आणि शाफ्ट कडक पोलादाचा, त्यामुळे आधी कपलर खातो, पण शाफ्टही अगदीच सुटलेला नाही. टॉर्च मारून आत बघितलं तर कपलरचे दाते जवळजवळ गुळगुळीत. गिंबल बेअरिंग (बोटीच्या मागच्या भिंतीत शाफ्ट धरणारं) बोटाने फिरवलं तर खरखर, आतून गंजाचं पाणी आलं. युनिव्हर्सल जॉइंटवरच्या (शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्यावरच्या) रबरी भात्याला एका घडीत चीर, तिथूनच खारं पाणी बेअरिंगपर्यंत गेलंय.

दाजी शेजारीच उभे होते, त्यांनी विचारलं, "अरे पण मध्ये युनिव्हर्सल जॉइंट आहे ना, मग इंजिन जरा इकडेतिकडे असलं तर तो सांभाळून घेईल की." हा प्रश्न मला बरोबर वाटतो, आणि मला वाटतं आधीच्या मेकॅनिकनेही हेच धरलं असणार, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला (ट्रान्समला) चिकटून, आणि पंख्याचा पाय भिंतीबाहेर. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये अ‍ॅक्वामॅटिक नावाने हे पहिल्यांदा विकायला काढलं, मर्क्रूझर त्यानंतर १९६१ मध्ये आला, आणि मूळ मांडणी अजून तीच आहे. पाय डावीउजवीकडे वळतो आणि वरखाली होतो, त्यासाठी मध्ये युनिव्हर्सल जॉइंट. पण तो जॉइंट गिंबल बेअरिंगच्या *बाहेरच्या* बाजूला आहे. बेअरिंगपासून आत कपलरपर्यंत शाफ्टचा सरळ दांडा आहे, त्यात एकही सांधा नाही. दांड्याचं एक टोक ट्रान्सममधल्या बेअरिंगने धरलेलं, दुसरं इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या (मागच्या जड चाकावरच्या) कपलरमध्ये घुसलेलं. इंजिनची मधली रेषा आणि बेअरिंगची मधली रेषा एक नसेल तर दांडा कपलरमध्ये तिरका बसतो आणि प्रत्येक फेऱ्याला दाते एकमेकांवर घासतात. तीन हजार आरपीएमला मिनिटाला तीन हजार वेळा. कपलरमध्ये रबर असतं खरं पण ते झटके गिळायला, तिरकेपणा गिळायला नाही.

म्हणजे नवीन कपलर बसवला आणि इंजिन तिथेच ठेवलं तर तो जाणारच. दाजी बराच वेळ गप्प बसून होते.

१२ जून

या दोन रेषा एक करायला, म्हणजे अलाइनमेंटला, बार लागतो. सरळ जाड पोलादी दांडा, एका टोकाला शाफ्टसारखे दाते, बेअरिंगमधून घालून कपलरमध्ये जातो का बघायचं. नवीन मागवायचा तर बाहेरून यायला वेळ आणि किंमत ऐकूनच सोडून दिलं. पण नवीनच कशाला हवा, भंगारातल्या ड्राइव्हचा शाफ्ट मिळाला तर त्याच्यावर दातेही खरे असतात आणि बेअरिंगचं मापही खरं. दुपारी रे रोडला उतरून दारूखान्यात गेलो.

दारूखाना ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून कळणार नाही. जहाजं फोडून निघालेलं सगळं तिथे, पोर्टहोल, साखळ्या, जनरेटर, पितळेचे व्हॉल्व्ह, माणसाएवढे पंखे, आणि त्याच्यामध्ये चार फूट रुंद जागेत लेथ चालू. चार दुकानं फिरून एका ठिकाणी फुटलेला अल्फा ड्राइव्ह मिळाला, गिअरची वाट लागलेली, पण शाफ्टचे दाते शाबूत. फक्त शाफ्ट द्यायला तो तयार नव्हता, अख्खा ड्राइव्ह वजनावर घेतला.

१६ जून, रविवार

शाफ्ट काल लेथवाल्या चाचांकडे दिला होता. योक (सांध्याचा काटा) कापून त्या जागी लांब हँडल जोडायचं, एवढंच काम मी सांगितलं होतं. चाचांनी आधी शाफ्ट सेंटरवर धरून डायल गेज लावला आणि मला म्हणाले, "पहले ये तो देखो ये खुद सीधा है क्या, टेढ़ी लकड़ी से क्या नापोगे।" काटा पाच शतांश मिलिमीटरच्या आत फिरत होता. सरळ आहे. मग हँडल वेल्ड केलं, वेल्डच्या उष्णतेने वाकतो म्हणून थंड झाल्यावर परत सेंटरवर लावून बघितलं. मी स्वतः हे केलं नसतं, घाईत तसाच घेऊन आलो असतो.

संध्याकाळी बार घातला. बेअरिंगमधून गेला, कपलरच्या तोंडाशी अडकला. ढकलून आत जाईना, ठोकायचा तर प्रश्नच नाही.

इंजिन पुढच्या दोन माउंटवर (बैठकींवर) आणि मागच्या दोन माउंटवर बसतं. मागचे ट्रान्समच्या आतल्या प्लेटच्या कानांवर, त्यांची उंची ठरलेली, ती बदलत नाही. पुढच्यांना उभा स्टड आणि नट, नट फिरवून इंजिनचं नाक वरखाली करायचं. सगळं अलाइनमेंट या दोन नटांत आहे. तर मी पाना लावायला गेलो आणि बघतो तर दोन्ही नट स्टडच्या अगदी वरच्या टोकाला, वर लॉकनटसाठी जेमतेम दोन आटे शिल्लक. म्हणजे आधीच्या माणसाने अलाइनमेंट केलंच नव्हतं असं नाही. केलं होतं, नट वर वर वर नेत गेला, जागा संपली तिथे थांबला आणि कपलर घालून बोट देऊन टाकली.

पण नवीन बोटीत नट स्टडच्या मध्याच्या आसपास असतात, मग इथे एवढं वर न्यावं का लागलं? कारण खालचं खाली गेलंय.

हातोड्याच्या दांड्याने माउंटखालची स्ट्रिंगर (तळाची लांब, फायबरने मढवलेली लाकडी तुळई) वाजवली. पुढे, जिथे माउंट नाही तिथे टणटण. माउंटखाली धप. डाव्या बाजूला तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. तीन मिमीचं ड्रिल मारलं, पातळ चॉकलेटी चिखल बाहेर आला.

रात्री झोप नाही लागली नीट. काम चौपट झालंय.

२३ जून, रविवार

इंजिन बाहेर काढलं. शेडच्या गर्डरला एक टनी चेन ब्लॉक. त्याआधी प्रत्येक वायर, होस, केबलवर टेप लावून नंबर आणि फोटो. पेट्रोल लाइन बंद, टाकी रिकामी, बॅटरी शेडबाहेर.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, गाड्यांचं काम करणाऱ्यांसाठी. या इंजिनवर गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसतो, बोल्टही जुळतात, आणि स्वस्त पडतो म्हणून लोक लावतात. लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाला साचून राहते, गाडीत ती खालून निघून जाते पण बोटीला खाली भोक नाही. बोटीचे पार्ट ठिणगी बाहेर पडणार नाही असे बंद बनवलेले असतात.

इंजिन निघाल्यावर कपलर हातात घेतला. रबर एका बाजूने जळून सुटलंय आणि आतले दाते बोटाला लागतच नाहीत.

मागच्या माउंटखाली अजून एक सापडलं. उजव्या बाजूला कानावर फायबरचा वॉशर आणि दुहेरी गुंडाळीचा लॉकवॉशर, जसा हवा तसा. डाव्या बाजूला फायबरचा वॉशर नाहीच. कधीतरी इंजिन काढताना पडला असेल आणि परत घातला नसेल. वॉशरची जाडी ती केवढी, पण इंजिन मागे तेवढंच डावीकडे कललेलं होतं, आणि हे पुढच्या नटांनी कधीच सुधरलं नसतं.

दाजींना फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले, "तू म्हणशील तसं, पण आता अर्धवट नको." ताई मागून ओरडून सांगत होती लाइफ जॅकेट पण नवी घ्यायला सांग. बरोबर आहे तिचं.

३० जून, रविवार

काल रात्री टी-२० वर्ल्ड कपची फायनल, सगळं शिवडी दोन वाजेपर्यंत रस्त्यावर, फटाके. पोरगा उशिरा आला, मी काही बोललो नाही.

स्ट्रिंगर उघडली. आधी मापं. ट्रान्समपासून पुढच्या बल्कहेडपर्यंत (आडव्या भिंतीपर्यंत) दोरा ताणला आणि दोऱ्यापासून माउंटच्या जागेपर्यंत दोन्ही बाजूंची खोली लिहिली, पुढे जिथे लाकूड चांगलं आहे तिथलीही. कापल्यानंतर मूळ उंची कुठे होती हे विचारायला कुणी नसतं. उजव्या डाव्याची एकमेकांशी तुलना गवंड्यांच्या पाण्याच्या नळीने केली, आडवं अंतर असेल तिथे त्यासारखं सोपं काही नाही.

मग ग्राइंडरने वरचं फायबरचं साल कापलं. डावीकडे सडकं लाकूड हाताने निघत होतं, पाव मीटरभर पूर्ण गेलेलं आणि त्यापुढे अजून तेवढंच ओलं. उजवीकडे निम्मं. वास असा की मास्क असूनही डोक्यात गेला.

सडायचं कारण समोरच होतं. माउंटचे जाड स्क्रू लाकडात नुसते पिळलेले, भोकात सीलंट नाही, काही नाही. बोटीच्या तळाला पावसाचं पाणी राहतं, भोकातून उतरतं, फायबरच्या सालाच्या आत अडकतं आणि वाळायला वाट नाही. बाहेरून चकचकीत, आतून भुसा. समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी लाकडाला जास्त कुजवतं, आणि इथे चार महिने तेच पडतं.

४ जुलै

मरीन ड्राइव्हला वर्ल्ड कप जिंकलेल्या टीमची मिरवणूक, पोरगा गेला. मी एकट्याने ग्राइंडिंग. चांगलं पांढरं लाकूड लागेपर्यंत कापत गेलो, टोकं एकास आठच्या उताराने तासली म्हणजे नवीन लाकडाचा सांधा लांब मिळेल. हॅलोजन दिवे लावून वाळत ठेवलंय.

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात, सहा तासांत काही ठिकाणी तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस. गाड्या बंद. शेडमध्ये घोटाभर पाणी, बोट ट्रेलरवर असल्यामुळे वाचली, खाली ठेवलेलं टूल बॉक्स भिजलं. इंजिन लाकडी ओंडक्यांवर होतं, बचावलं. दिवसभर हत्यारं पुसून तेल लावण्यात.

१४ जुलै, रविवार

लाकूडकाम. प्लाय घेताना दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून काहीही देतात. शिक्का बघायचा: आयएस ७१० म्हणजे मरीन, आयएस ३०३ म्हणजे घरातल्या फर्निचरचा. मी एक तुकडा तासभर उकळत्या पाण्यात ठेवून बघितला, थर सुटले नाहीत.

रेझिन इपॉक्सी घेतलं, पॉलिस्टर नाही. पॉलिस्टर स्वस्त, पण जुन्या लाकडाला आणि जुन्या फायबरला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं आणि इथे वर इंजिन बसणार आहे. कापडही त्याप्रमाणे विणलेलं. साधी चॉप मॅट पॉलिस्टरसाठी, तिला बांधणारा डिंक पॉलिस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही.

पावसाळ्यात इपॉक्सी मारायचं म्हणजे रोज आकाशाकडे बघत. दमट हवेत वाळताना पृष्ठभागावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो, त्याच्यावर दुसरा थर मारला तर तो पुढे सुटतो. प्रत्येक थर वाळल्यावर साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने घासून, पुसून, मग पॉलिश पेपर, मग पुढचा थर. या कामाला आजचा आणि पुढचे तीन संध्याकाळ गेले. एकादशीला (१७ तारखेला) शेवटचा थर.

माउंटच्या स्क्रूची भोकं मुद्दाम दुप्पट मोठी पाडली, सिलिका मिसळलेल्या घट्ट इपॉक्सीने भरली आणि वाळल्यावर त्यात योग्य मापाची भोकं परत पाडली. आता स्क्रूच्या भोवती लाकूड नाहीच, पाणी उतरलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही. हे फॅक्टरीत केलं असतं तर हा सगळा उद्योग झाला नसता.

दोऱ्याची मापं परत घेतली. दोन्ही बाजू जुन्या मापापासून मिलिमीटरभराच्या आत.

२१ जुलै, रविवार

गिंबल बेअरिंग. जुनं पुलरने काढलं, अर्धं गंजून हाउसिंगला चिकटलेलं, तीन तास. नवीन बसवताना बाहेरच्या रिंगमधलं ग्रीसचं भोक हाउसिंगच्या ग्रीस निपलच्या वाटेसमोर येईल असंच बसवायचं, नाहीतर पुढे कितीही ग्रीस भरा, बेअरिंगला एक थेंब मिळणार नाही.

हे बेअरिंग बाहेरून गोल, म्हणजे आपल्या जागेत थोडं सगळ्या दिशांना डुलतं. म्हणून बार घातल्यावर आधी बारला हलकं ठोकून बेअरिंग सरळ तोंडावर आणायचं, मगच इंजिनला दोष द्यायचा. नाहीतर बेअरिंग तिरकं आणि आपण इंजिन हलवतोय.

भाता नवीन, क्लॅम्प नवे, पाण्याच्या पंपाचा इंपेलर पण नवा.

४ ऑगस्ट, रविवार

हा दिवस अलाइनमेंटचा, आणि झालं नाही.

सकाळी इंजिन आत घेतलं. नवीन कपलर फ्लायव्हीलवर बसवून बोल्ट टॉर्कला. मागचे माउंट दोन्ही बाजूंना एकाच क्रमाने, फायबर वॉशर नवे. पुढचे नट स्टडच्या मध्यावर आणून मग इंजिन खाली सोडलं.

पद्धत, जशी केली तशी:

चेन पूर्ण ढिली केली. चेनवर थोडंसं वजन राहिलं तर माउंटवर पूर्ण भार नाही आणि जे दिसतं ते खोटं, चेन काढल्यावर इंजिन बसतं आणि सगळं बदलतं. बारच्या दात्यांना ग्रीसचा पातळ हात. बेअरिंगमधून घातला, वरखाली डावीउजवीकडे रबरी हातोडीने हलकं ठोकून बेअरिंग सरळ केलं, मग पुढे सरकवला. दात्यांच्या तोंडाशी थांबला. बार बाहेर काढून ग्रीस बघितलं. सगळीकडे सारख्या खुणा हव्यात, इथे एकाच बाजूच्या सहासात दात्यांवर ग्रीस पुसलेलं.

मग बार बाहेरच ठेवून दोन्ही पुढचे नट अर्धा अर्धा फेरा वर. बार आत असताना इंजिन कधीही उचलायचं नाही, तसं केलं तर इंजिनचं वजन बारवरून बेअरिंगवर येतं आणि बार वाकतो. दोन्ही नट सारखेच फिरवायचे, नाहीतर इंजिन आडवं कलतं. परत बार, परत बेअरिंग ठोकणं, परत ग्रीस. प्रत्येक वेळी वहीत फेरा आणि खूण लिहिली, आणि ते लिहिलं म्हणूनच सातव्या वेळी कळलं की एका खेपेत आपण पलीकडे गेलो, खुणा विरुद्ध बाजूला आल्या. पाव फेरा मागे.

बार गेला. दोन बोटांनी ढकलला आणि तो गेला, जसा बाटलीत बूच जातो तसा नाही, जसा कपाटाचा चांगला ड्रॉवर सरकतो तसा, अडखळ नाही, आवाज नाही. मी पोराला बोलावून त्याच्याकडून घालून घेतला.

मग प्लग काढून क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन पाव फेरा फिरवलं. बार गेला. परत पाव, गेला. तिसऱ्या पाव फेऱ्याला अडकला, चौथ्याला परत मोकळा.

इंजिन न हलता फिरवल्यावर फरक पडतो म्हणजे दोष इंजिनच्या उंचीत नाही, कपलर स्वतः डुगडुगत फिरतोय. तो कपलर गिऱ्हाइकाचा असता तर एका जागी बार जातोय म्हणून मी मोकळा झालो असतो का, हा विचार रात्रभर डोक्यात होता. बोटीत माझी भाची बसते.

११ ऑगस्ट, रविवार

इंजिन परत मागून सुटं करून पुढे सरकवलं, कपलर काढला. फ्लायव्हीलच्या तोंडावर कपलर बसतो त्या काठाखाली जुन्या रंगाचा आणि गंजाचा एक टवका, नखाएवढा. मी साफ करताना खालच्या बाजूचा राहिला होता. काढून तोंड पूर्ण पॉलिश पेपरने घासलं, निळा रंग लावून कपलर टेकवून बघितला, सगळीकडे डाग उमटले, म्हणजे तो पूर्ण टेकतो. बसवून डायल गेज लावला, आता कपलर स्वतःभोवती नीट फिरतो.

इंजिन परत मागे. पुढच्या नटांची उंची वहीत होती म्हणून पाऊण तासात तिथेच आलो. चारही पाव फेऱ्यांना बार दोन बोटांनी. लॉकनट आवळले, आणि लॉकनट आवळताना खालचा नट फिरतो म्हणून आवळल्यावर परत बार. गेला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस इंजिन आपल्या वजनावर तसंच ठेवलं होतं. माउंटचं नवं रबर थोडं दबतं असं धरून सकाळी बार घातला. उजवीकडे अगदी किंचित जड. दोन्ही नट पाव फेऱ्याहून कमी वर, मोकळा. ग्रीसच्या खुणा सगळ्या दात्यांवर सारख्या, फोटो काढून दाजींना पाठवला. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "कपलर आता तुमच्या पोरांच्या लग्नापर्यंत टिकेल याचा पुरावा." ताईचा लगेच अंगठा आला.

दुपारी ड्राइव्ह चढवला. जुना शाफ्ट बाद, नवा घातला, दात्यांना ग्रीस, ओ-रिंग नव्या, गिअर फॉरवर्डला ठेवून. तरी दाते जुळेपर्यंत पोराने पंखा हळूहळू फिरवला. सरळ होता म्हणून ड्राइव्ह हाताने आत गेला, नटांनी ओढून घ्यावा लागला नाही. नटांनी ओढावा लागत असेल तर थांबायचं, काहीतरी तिरकं आहे. सहाही नट समोरासमोरच्या क्रमाने ६८ न्यूटन मीटरला.

१९ ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

आत्याने नारळ दिला होता, तो आधी बोटीला फोडला.

पायाच्या दोन्ही बाजूंच्या, पाणी आत घेणाऱ्या जाळीवर रबरी टोप्या लावून बागेच्या पाइपने पाणी. ब्लोअर (पेटीतली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा) चार मिनिटं आधी, मग चावी. दुसऱ्या प्रयत्नात लागलं. टोप्यांवर १५०० आरपीएमच्या वर नेत नाही. मला इंजिनपेक्षा ट्रान्सममधला आवाज ऐकायचा होता, पट्टीचं एक टोक गिंबल हाउसिंगला आणि दुसरं कानाला लावून बसलो. सरसर असा एकसारखा आवाज, खरखर नाही, टकटक नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ऐकलं, वळवल्यावर बेअरिंग जास्त बोलतं. शांत.

दाजींनी फक्त इंजिनच्या पेटीवर हात ठेवला होता, मग म्हणाले, "आधी इथे हाताला मुंग्या यायच्या. मला वाटायचं बोटीचं असंच असतं."

२२ सप्टेंबर, रविवार

विसर्जन आटोपलं, समुद्र बसला, कागदपत्रं दाखवून बोट माझगावच्या बाजूने क्रेनने पाण्यात. मी, दाजी, पोरगा. ताईला म्हटलं आज नको, पुढच्या वेळी.

क्रॉस आयलंडला लांबून वळसा. आधी दहा मिनिटं हळू. मग बोट उठवली, पाण्यावर बसली. पूर्ण थ्रॉटलला ४६०० आरपीएम लागले, मॅन्युअलमध्ये ४४०० ते ४८०० दिलेत, म्हणजे पंखाही बरोबर आहे आणि कुठे घसरत नाही. अर्धवट वळणावर, उलट्या गिअरमध्ये, लाटेवर आपटल्यावर, सगळीकडे ऐकलं. परत आल्यावर पेटी उघडून हात फिरवला, कपलरच्या बाजूला भुकटी नाही, वास नाही, तळ कोरडा.

६ ऑक्टोबर, रविवार

ताई-दाजी आणि पोरं दोनदा सासवण्याला जाऊन आले. मीटरवर एकूण अकरा तास. मुद्दाम ड्राइव्ह परत उतरवला, एरवी वर्षातून एकदा बघितलं तरी चालतं, पण नवीन लाकडावर पहिल्यांदाच भार आला होता म्हणून.

शाफ्टच्या दात्यांवर ग्रीस जसं लावलं तसं, चमक सगळीकडे सारखी. बार दोन बोटांनी, चारही पाव फेऱ्यांना. दोऱ्याचं माप: डावी बाजू जागेवर, उजवी जागेवर. पुढच्या नटांना पाना लावला नाही.

राहिलेलं काम: ट्रिम गेजचा (पाय किती वरखाली आहे ते दाखवणारा) काटा अजून उलटा दाखवतोय, वायर अदलाबदल असावी. बिल्ज पंपाचा (तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट बदलायचा. बार चाचांना दाखवायला नेणार आहे, त्यांनी विचारलं होतं शेवटी कसा चालला.